निरंकचा रकाना : मैत्रीण लंडनला येते तेव्हा खर्च किती?

हीथ्रोहून घरी येणाऱ्या बसमध्ये बूड टेकतं न टेकतं तोच तिनं पर्समधून वही काढली. सातारच्या एका पतसंस्थेत कॅशियर म्हणून तिची हयात गेली. वहीत चार रकाने आखलेले : तारीख, तपशील, पौंड, रुपये. पहिली नोंद तिनं बसच्या तिकिटाची केली. १.७५ पौंड, २१० रुपये. मग पेनाचं टोपण लावत म्हणाली, "अगं, एवढ्यात मी एसटीच्या अर्ध्या तिकिटात साताऱ्याहून पुण्याला जाऊन परत येते."

आम्ही दोघी शाळेपासूनच्या. मी चौदा वर्षं लंडनच्या वेम्बली भागात राहते, ती सप्टेंबर २०२५ मध्ये दहा दिवसांसाठी आली. परदेशात राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांत असं कुणीतरी येतंच, आणि दोन्हीकडे एकच प्रश्न असतो : खर्च किती येईल? पाहुण्याला वाटतं, आभाळ फाटणार. यजमानाला वाटतं, छे, काहीच लागत नाही. दोघांचंही चुकतं. तिची ती वही समोर ठेवूनच हा लेख लिहिते आहे.

दर २०२५ सालचे आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून १ पौंड म्हणजे १२० रुपये धरले आहेत. तुम्ही निघाल तेव्हा दोन्ही आकडे पुन्हा तपासा.

निघण्याआधी : व्हिसा, विमा, बॅग

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनला यायचं तर व्हिसा लागतोच. सहा महिन्यांपर्यंतच्या पर्यटक व्हिसाची फी एप्रिल २०२५ पासून १२७ पौंड, म्हणजे १५,२४० रुपये. दोन वर्षांचा व्हिसा ४७५ पौंडांना मिळतो. वर्षाआड येणाऱ्या आई-वडिलांसाठी त्याचा विचार करतात, पण दोन वर्षांत चारदा येणार असाल तरच तो परवडतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. पाच कामाच्या दिवसांत निर्णय हवा असेल तर वर ५०० पौंड, म्हणजे ६०,००० रुपये. घाईची किंमत व्हिसाच्या चौपट आहे, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी कॅलेंडर बघा.

कागदपत्रांत पाहुण्याची बाजू महत्त्वाची : सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, नोकरीचा किंवा निवृत्तीवेतनाचा कागद, परत जाण्याची कारणं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरली तर ती शंकेलाच जागा देते. कागद मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. यजमानानं एक साधं पत्र द्यावं : कोण येतंय, किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोण करणार. सोबत स्वतःच्या घराचा आणि वास्तव्याचा पुरावा.

प्रवास विमा ब्रिटनच्या व्हिसासाठी सक्तीचा नाही, म्हणून अनेक जण टाळतात. टाळू नका. एनएचएस ही इथली सरकारी आरोग्यसेवा फुकट आहे हे खरं, पण ते इथं राहणाऱ्यांसाठी. पाहुण्याला अपघात विभागात तातडीचे उपचार विनामूल्य मिळतात. एकदा रुग्णालयात दाखल करून घेतलं, की बिल सुरू होतं आणि तेही मूळ खर्चाच्या दीडपट दरानं. तिनं दहा दिवसांचा विमा घेतला, साधारण तीन हजार रुपये गेले. मधुमेह, रक्तदाब असेल तर तो अर्जात लिहून घ्या. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो.

बॅगेबद्दल एकच गोष्ट, पण ती साताऱ्याच्या माणसाला ऐकवणं जड गेलं. दूध आणि मांस यांचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत. म्हणजे कंदी पेढे नाहीत, तूप नाही, खव्याची पोळी नाही. ताजी फळं आणि भाजीपाला यांवरही निर्बंध आहेत, त्याची सरकारी यादी निघण्यापूर्वी पाहावी. मी फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडं बराच वेळ शांतता होती. शेवटी आली ती शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि गोडा मसाला घेऊन.

विमानतळ ते घर

हीथ्रोहून लंडनमध्ये शिरायच्या वाटा अनेक, आणि त्यांच्या भाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. मध्य लंडनपर्यंत पिकॅडिली लाइनच्या ट्यूबनं, म्हणजे भुयारी रेल्वेनं, ५.८० पौंड लागतात, एलिझाबेथ लाइननं १३.९०. हीथ्रो एक्सप्रेसचं ऐन वेळी काढलेलं तिकीट २५ पौंडांच्या घरात जातं. ती पंधरा-वीस मिनिटं वाचवते खरी, पण तुम्हाला पॅडिंग्टनला सोडते. तिथून पुढं पुन्हा प्रवास आहेच.

वायव्य लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी हीथ्रो ते हॅरो अशी एसएल९ ही जलद बस आहे, भाडं इतर बसइतकंच, १.७५. हॅरोहून दुसरी बस धरून आम्ही साडेतीन पौंडांत दोन बॅगांसह घरी पोचलो. टॅक्सीला सहज ४० ते ६० पौंड पडले असते. स्वतःची गाडी घेऊन सोडायला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं : टर्मिनलच्या दारात पाहुण्याला उतरवण्याचे २०२५ मध्ये ६ पौंड लागत होते.

बॅगा जड असतील, गुडघे दुखत असतील, रात्रीचे अकरा वाजले असतील तर मात्र बस नको. टॅक्सीचे पैसे तेव्हा वाया जात नाहीत.

फिरणं : रोजची कमाल मर्यादा समजून घ्या

लंडनचं भाडं एका कल्पनेवर चालतं. कार्ड टेकवत राहा, ठरावीक रकमेला पोचलात की उरलेला दिवस मोफत. या मर्यादा अशा (झोन म्हणजे भाड्यासाठी केलेले शहराचे भाग) :

• फक्त बस : दिवसाला कमाल ५.२५ पौंड (६३० रुपये)
• ट्यूब आणि बस, झोन १ ते २ : कमाल ८.९० पौंड (१,०६८ रुपये)
• ट्यूब आणि बस, झोन १ ते ४ : कमाल १२.८० पौंड (१,५३६ रुपये)

बसचं आणखी एक सोपं गणित आहे. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. त्यामुळे खिशातल्या नाण्यांच्या भरवशावर स्टॉपवर उभं राहू नका.

भारतीय बँकेचं कार्ड इथं चालेल की नाही, हे निघण्याआधीच पाहा. परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही पर्याय बँकेच्या ॲपमध्ये बहुधा बंद असतात. यजमानांच्या घरात खणात पडलेलं जुनं ऑयस्टर कार्ड, म्हणजे लंडनच्या प्रवासाचं कार्ड, असतंच, ते शोधून द्या. नवीन कार्डाचे पैसे वाचतात. मात्र एका वेळी एका माणसाला एकच कार्ड. दोघींनी एक कार्ड दोनदा टेकवून चालत नाही.

स्वतःची गाडी मध्य लंडनमध्ये नेण्याचा मोह टाळा. तिथला गर्दीकर २०२५ मध्ये दिवसाला १५ पौंड होता, जानेवारी २०२६ पासून १८ झाला. गाडी जुनी, धूर जास्त सोडणारी असेल तर आणखी १२.५०. वर पार्किंग. तेवढ्यात दोघींचे दोन दिवस ट्यूबमध्ये आरामात जातात.

आता १८ नंबरच्या बसबद्दल. ही बस वेम्बलीवरून हार्लेसडेन, केन्सल ग्रीन, बेकर स्ट्रीट करत युस्टनला जाते. माझ्या घराजवळून जाते. चौदा वर्षांत मी तिच्यातून हार्लेसडेनच्या पुढे कधी गेले नव्हते. ट्यूबनं अर्धा तास लागतो, बसला त्याच्या दुप्पट, हे एकदा ठरवून टाकलं होतं आणि विषय संपला होता. तिनं मात्र दुसऱ्या दिवशी हट्टच धरला. वरचा मजला, सगळ्यात पुढचा बाक. काचेला नाक लावून बसली. झाडाच्या फांद्या वरच्या काचेवर सटासट आपटत होत्या आणि प्रत्येक फांदीला ती मान खाली घालत होती. केन्सल ग्रीनला उजव्या हाताला एक लांबच लांब भिंत सुरू झाली. "एवढी कुणाची वाडी गं?" तिनं विचारलं. मी फोन काढून पाहिलं. ती दफनभूमी होती, आणि रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर १८४६ पासून तिथं आहेत. ज्या रस्त्याला मी 'ट्रॅफिकवाला' एवढंच म्हणायची, त्याच्याबद्दल मला हे एका पतसंस्थेच्या कॅशियरमुळे कळलं. खर्च १.७५ पौंड.

निरंकचा रकाना

तिसऱ्या दिवशी तिनं वहीत एक नवी सवय लावून घेतली. जिथं तिकीट नव्हतं, तिथं रक्कम लिहायच्या जागी 'निरंक'. दहा दिवसांनी मोजले तर निरंकच्या ओळी पैशांच्या ओळींपेक्षा जास्त भरल्या. पाहुण्यांसाठी ही यादी उपयोगी :

• ब्रिटिश म्युझियम. १७५९ मध्ये उघडलं, प्रवेश मोफत. खास प्रदर्शनांना मात्र तिकीट असतं.
• नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, नॅचरल हिस्टरी, सायन्स आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. कायम संग्रह मोफत.
• संसद. अधिवेशन चालू असेल तेव्हा प्रेक्षक सज्जात बसून चर्चा ऐकता येते. सुरक्षा तपासणीच्या रांगेला वेळ ठेवा.
• स्काय गार्डन. पस्तिसाव्या मजल्यावरून शहर दिसतं. मोफत, पण आधी ऑनलाइन नोंदणी लागते आणि जागा लवकर संपतात.
• नीस्डनचं स्वामीनारायण मंदिर. भारतात घडवलेले दगड आणून १९९५ मध्ये उभं केलेलं. वेम्बलीहून बसनं थोड्या वेळात.
• वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स इथली संध्याकाळची गायनप्रार्थना. दिवसा आत जायला भरभक्कम तिकीट आहे. प्रार्थनेला येणाऱ्याला मोफत बसता येतं. फोटो काढायचे नाहीत, शेवटपर्यंत शांत बसायचं.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचा बेत आखताना मी यजमानाच्या तोऱ्यात म्हटलं, तुला शिवरायांची वाघनखं दाखवते. ती हसायलाच लागली. "ती २०२४ मध्ये साताऱ्यात आली की! मी दोनदा बघून आले." खरंच होतं. म्युझियमनं ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्राला दिली आहेत आणि जुलै २०२४ मध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन साताऱ्यातच भरलं. अफझलखानाच्या वेळची नखं हीच, असा ठाम दावा म्युझियम करत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

ब्रिटिश म्युझियममधून बाहेर पडताना तिनं सहज विचारलं, "तू किती वेळा आली असशील इथं?" दोनदा. दोन्ही वेळा पाहुण्यांबरोबर. तिनं काही म्हटलं नाही. कॅशियरला बाकी दिसली की ती बोलून दाखवायची गरज नसते.

एक दिवस मराठी वाटेचा : ५ पौंड २५ पेन्स

हा दिवस मी आता प्रत्येक पाहुण्याला सुचवते. खर्च फक्त बसच्या मर्यादेएवढा. डबा घरून न्यावा.

सकाळी प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरी जा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून इथं राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि तिथं स्मारक केलं. प्रवेश मोफत, उघडण्याच्या वेळा आधी पाहून जाव्यात. वरची खोली छोटी आहे. ती तिथं बराच वेळ पलंगाकडं बघत उभी राहिली. बाबासाहेबांच्या लंडनमधल्या काटकसरीच्या गोष्टी आपण शाळेत ऐकलेल्या असतात. थंडीतल्या त्या रस्त्यावरून चालत त्या दारापर्यंत गेलं की पैसा पुरवून वापरणं म्हणजे काय, याचा अंदाज येतो.

तिथून प्रिमरोझ हिलची टेकडी चढा. दहा मिनिटांची चढण, वर गेलं की अख्खं लंडन समोर. बाकावर बसून डबा खा.

मग रीजंट्स कालव्याच्या काठानं पश्चिमेकडं चालत सुटा. वाटेत प्राणिसंग्रहालयाचा उंच जाळीचा पिंजरा लागतो, आतली माकडं काठावरूनच दिसतात. मधे एका बोगद्यापाशी काठ सोडून रस्त्यावर यावं लागतं, तेवढं ध्यानात ठेवा. रमतगमत दीड तासात लिटल व्हेनिसला पोचता. रंगीत नावा, कालव्याचं संथ पाणी.

तिथून जवळच हाउली प्लेस नावाची गल्ली आहे. १० नंबरच्या घराच्या भिंतीवर निळी पाटी आहे : लोकमान्य टिळक इथं १९१८-१९ मध्ये राहिले. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर भरलेला बदनामीचा खटला चालवायला ते आले होते. १९१९ मध्ये तो हरले आणि खर्चाचा मोठा बोजा अंगावर आला. घर खाजगी आहे, पाटी रस्त्यावरूनच पाहायची, दार वाजवायचं नाही. तिनं वहीत नोंद केली आणि म्हणाली, "टिळकांनाबी लंडन महागच पडलं म्हणायचं."

परतीला हॅरो रोडवर १८ नंबर मिळते. तेव्हाही वरचा मजला, पुढचा बाक.

पैसे मोजून काय पाहावं?

माझा निकष असा : जे दुसरीकडं कुठंही मिळत नाही, त्याला पैसे द्यावेत. टॉवर ऑफ लंडनचं प्रौढांचं तिकीट ३६ पौंडांच्या आसपास, म्हणजे चार हजार तीनशे रुपये. कोहिनूर तिथं आहे आणि अर्धा दिवस जातो, तेव्हा आम्ही ते दिलं. लंडन आयचा पाळणा, मेणाचे पुतळे वगैरे तिनं स्वतःहून वगळलं. "पुतळे लोणावळ्याला पाहिलेत" हे तिचं कारण. स्काय गार्डन फुकट असताना पाळण्याला तीस पौंड का, हे माझं.

तिकिटं नेहमी त्या स्थळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. शोधयंत्रावर सगळ्यात वर दिसणारी दुकानं तेच तिकीट चार-पाच पौंड वाढवून विकतात.

लंडनबाहेर रेल्वेनं जाणार असाल तर दोघांसाठीचं टू टुगेदर रेलकार्ड पाहा. ३५ पौंडांचं कार्ड, वर्षभर चालतं, कार्डावर नाव असलेली दोन माणसं एकत्र प्रवास करत असतील तर भाडं एक-तृतीयांश कमी. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतरच चालतं. भाड्यात १०५ पौंडांहून अधिक खर्च होणार असेल तरच घ्या, त्याखाली कार्डाची किंमतही वसूल होत नाही.

खाणं, खरेदी, कार्ड

बाहेर कॉफी ४ पौंडांच्या घरात. सुपरमार्केटमधलं सँडविच, एक खाऊ आणि पेय असं एकत्रही ४ पौंडांच्या आसपास मिळतं. म्हणून कॉफीच्या दुकानात जेवू नका. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर डोसा, पावभाजी, ढोकळा सगळं मिळतं, एका माणसाचं पोट ८ ते १२ पौंडांत भरतं. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. नळाचं पाणी पिण्याचंच आहे, आणि मद्यपरवाना असलेल्या उपाहारगृहाला मागितल्यावर ते मोफत द्यावंच लागतं.

बिल नीट वाचा. अनेक ठिकाणी १२.५ टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेलं असतं. ते ऐच्छिक असेल तर सेवा आवडली नसल्यास काढायला सांगता येतं. ते भरून वर पुन्हा टीप देण्याची गरज नाही.

खरेदीबाबत जुना समज अजून फिरतो : विमानतळावर पावत्या दाखवल्या की कर परत मिळतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पर्यटकांसाठीची ती सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. किमतीतला २० टक्के व्हॅट परत येत नाही. तेव्हा स्वेटर, चॉकलेटं घ्या, पण बचतीच्या आशेनं महाग पर्स घेऊ नका.

कार्ड टेकवताना यंत्र कधी कधी विचारतं : पौंडात की रुपयांत? नेहमी पौंड निवडा. रुपये निवडले की दर दुकानाच्या बाजूचा लागतो. भारतीय क्रेडिट कार्डावर परकी चलनाचं शुल्क २ ते ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी असतो. फॉरेक्स कार्ड बहुधा स्वस्त पडतं. यूपीआयच्या भरवशावर येऊ नका.

यजमानाचा खर्च

आता आपल्या बाजूचा रकाना. वीज युनिटला साधारण २६ पेन्स, म्हणजे ३१ रुपये. भारतातून आलेला माणूस सप्टेंबरातही गारठतो, हीटर लागतो, गरम पाण्याची आंघोळ दोनदा होते. माझं दहा दिवसांचं बिल पंधरा पौंडांच्या आसपास वाढलं. किराणा ६०. तिच्यासोबत फिरताना माझी तिकिटं आणि बसभाडं मिळून ऐंशीएक. सगळं धरून दीडशे-पावणेदोनशे पौंड.

काही बारीक गोष्टी :

• एकटे राहत असाल आणि कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सवलत मिळत असेल, तर थोड्या दिवसांच्या पाहुण्यानं ती जात नाही. त्याचं मुख्य घर दुसरीकडं आहे.
• भाड्याच्या घरात असाल तर करारनाम्यात पाहुण्यांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. विद्यार्थ्यांनी तर नक्कीच. आई-वडील महिनाभर राहणार असतील तर घरमालकाला आधी कळवा.
• रजा. हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तो कुठल्याच वहीत येत नाही. इथं पूर्णवेळ नोकरीला किमान २८ दिवसांची पगारी रजा कायद्यानं मिळते, त्यात सार्वजनिक सुट्याही धरल्या जाऊ शकतात. मी चार दिवस घेतले. उरलेले सहा दिवस ती एकटी फिरली. पहिल्या दोन दिवसांत बस आणि ट्यूब शिकवा, फोनमध्ये १० पौंडांचं महिन्याचं सिम घालून द्या, घराचा पत्ता कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मग सोडा. साठीच्या जवळ आलेल्या बाईलाही जमतं.

दोघींमधला हिशेब

मराठी माणूस परदेशात पाहुण्याच्या बाबतीत फसतो तो इथं. दोघंही पैशाचं बोलत नाहीत. यजमान प्रत्येक तिकिटाला कार्ड पुढं करतो, पाहुणा संकोचानं काही मागायचं सोडतो, आणि दहाव्या दिवशी दोघांच्याही मनात काहीतरी अडकून राहतं.

आम्ही पहिल्या रात्री चहा पिताना ठरवलं : राहणं आणि घरचं जेवण माझं. तिचं फिरणं, तिकिटं आणि बाहेरचं खाणं तिचं. शेवटच्या दिवशी बाहेरचं एक जेवण ती देणार. दोन मिनिटं लागली. त्यानंतर दहा दिवसांत पैशांवरून एकदाही "राहू दे गं, मी देते" अशी ओढाताण झाली नाही. तुमची विभागणी वेगळी असू शकते. पण ती पहिल्या रात्री होऊ द्या.

दहा दिवसांचा गोषवारा

तिच्या वहीतले आकडे, खरेदी वगळून :

• लंडनमधला प्रवास, विमानतळासह : ८४.४५ पौंड
• टॉवरचं तिकीट : ३६
• बाहेरचं खाणं-पिणं : १२०
• फोनचं सिम : १०
• एक दिवस लंडनबाहेर : ४०
• इथला एकूण : २९०.४५ पौंड, म्हणजे सुमारे ३४,८५० रुपये
• व्हिसा : १५,२४० रुपये
• विमा : ३,००० रुपये
• विमानाचं परतीचं तिकीट : ६५,००० रुपये
• सगळं मिळून : सुमारे १ लाख १८ हजार रुपये

विमानाचा आकडा हंगामावर हलतो. मे-जून आणि डिसेंबरात तो बराच वर जातो. राहायला मैत्रीण नसती तर साध्या हॉटेलला रोजचे किमान शंभर पौंड, म्हणजे वर आणखी १ लाख २० हजार. सहलीचा खर्च दुप्पट झाला असता. तिनं मात्र 'राहणं' या ओळीपुढं निरंकच लिहिलं होतं. मी ते खोडायला सांगितलं नाही. आमच्यात तसं ठरलंच होतं.

तिला विमानतळावर सोडून आल्यावर मीही एक वही आणली. चौदा वर्षं मी या शहराला कर भरते, त्यातून काय काय वापरलं हे लिहायला. पहिल्या महिन्यात चार नोंदी झाल्या, तीन निरंक आणि एक १.७५.

ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचं भाडं बहुधा दर मार्चमध्ये बदलतं, व्हिसाची फी एप्रिलमध्ये. त्यानंतर येणाऱ्यांनी वरचे आकडे त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर ताडून घ्यावेत. निरंकची यादी तशीच ठेवायला हरकत नाही.